२०० सिरीज आली कुठून, आणि चुंबकाने घातलेला घोळ

स्टेनलेस स्टीलमध्ये ३०४ ग्रेड घ्यायचं की ३१६, हा प्रश्न तसा सोपा आहे. खारं पाणी, क्लोराइड वगैरे असेल तर २-३ टक्के मॉलिब्डेनमवालं ३१६, नाहीतर ३०४ पुरतं. खरा गोंधळ आहे तो २०१, २०२ आणि त्यांच्या आडून आलेल्या बिननंबरी ग्रेडचा. नवा पत्रा बघितला तर सगळे सारखेच चकचकीत, चुंबक एकालाही चिकटत नाही, आणि मग काही महिन्यांनी एकाच्या वेल्डच्या कडेने चहासारखे डाग उमटायला लागतात.

जुना इतिहास थोडक्यात सांगतो. क्रोमियम घातलं की लोखंड आम्लाला दाद देत नाही हे फ्रान्समध्ये १८२१ मध्येच लक्षात आलं होतं, पण कार्बन खाली आणता येत नव्हता त्यामुळे तो धातू ठिसूळ व्हायचा आणि कामाचा नव्हता. १९१२ ला जर्मनीत क्रोमियम-निकेलच्या पोलादाचं पेटंट झालं, १९१३ ला शेफील्डमध्ये बंदुकीची नळी आतून झिजू नये म्हणून चाललेल्या प्रयोगांतून १२.८ टक्के क्रोमियमचं पोलाद निघालं, आणि १९२० च्या दशकात १८/८ आलं, म्हणजे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. आजचं ३०४ हे त्याचंच पुढचं रूप. गंजाला अडवतो तो क्रोमियमच, पृष्ठभागावर काही नॅनोमीटरचा ऑक्साइडचा थर धरून. निकेलचं मुख्य काम वेगळं आहे, ते पोलादाची आतली रचना ऑस्टेनाइट (स्फटिकांची चुंबकाला न चिकटणारी, लवचिक मांडणी) ठेवतं, म्हणून पत्रा खोल ओढता येतो, म्हणजे दाबून सिंकसारखा आकार देता येतो, वेल्ड नीट होतो आणि चुंबक चिकटत नाही. हा फरक डोक्यात पक्का ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

कोरियन युद्धाच्या काळात, १९५० नंतर, अमेरिकेत निकेल लष्करी कामासाठी राखून ठेवावं लागलं आणि बाकीच्यांना ते मिळेना. मँगनीज आणि नायट्रोजनही ऑस्टेनाइट धरून ठेवतात हे आधीपासून माहीत होतं, जर्मनीत १९३० च्या दशकातच तसे प्रयोग झाले होते. मग १९५५ च्या सुमारास २०१ आणि २०२ ला अधिकृत नंबर मिळाले. २०१ मध्ये १६ ते १८ टक्के क्रोमियम, ३.५ ते ५.५ निकेल, ५.५ ते ७.५ मँगनीज. हे पोलाद वाईट नव्हतं हे मुद्दाम सांगतो, ३०४ पेक्षा ताकद जास्त, आतल्या कोरड्या जागी चांगलं टिकतं, रेल्वेच्या डब्यांना वापरलंय. पण तुटवड्याच्या वेळी काढलेला पर्याय तुटवडा संपल्यावरही तसाच राहिला, आणि नंबर असा पडला की बघणाऱ्याला वाटावं ३०४ चाच धाकटा भाऊ. माझ्या मते चूक तिथे झाली.

मधे १९६० च्या दशकाच्या शेवटी आर्गॉन-ऑक्सिजन फुंकून कार्बन जाळायची पद्धत कारखान्यात आली. तिचा फायदा ३०४एल, ३१६एल ला झालाच, कार्बन ०.०३ टक्क्याच्या खाली आला आणि वेल्डशेजारी क्रोमियम कार्बनमध्ये अडकून (क्रोमियम कार्बाइड होऊन) गंजायचा जुना त्रास कमी झाला. पण त्याच भट्टीत आर्गॉनऐवजी नायट्रोजन फुंकला की नायट्रोजनही स्वस्तात आणि मोजून घालता येतो, म्हणजे कमी निकेलच्या पोलादाची वाटही मोकळी झाली.

मग आला निकेलचा भाव. मे २००७ मध्ये तो टनाला ५०,००० डॉलरच्या वर गेला. हिशोब करा, ८ टक्के निकेल म्हणजे टनभर पोलादात ८० किलो, नुसत्या निकेलचेच ४,००० डॉलर. १ टक्का ठेवलं तर ५००. एवढा फरक दिसल्यावर कोण थांबतंय, त्या वर्षांत १ टक्का निकेलच्या ग्रेड धडाधड वाढल्या आणि त्यातल्या कित्येक कुठल्याच स्टँडर्डमध्ये बसत नव्हत्या. अडचण अशी की मँगनीज हे निकेलइतकं जोरदार नाही, निकेल एवढं खाली आणलं तर ऑस्टेनाइट सांभाळायला क्रोमियमही कमी करावं लागतं, १५ टक्के किंवा त्याच्याही खाली. म्हणजे वाचवलं निकेल आणि गेला तो गंज अडवणारा क्रोमियम. शिवाय खोल ओढलेला तुकडा काही दिवसांनी आपोआप तडकतो ते वेगळंच.

आणि हे पकडायला लोक वापरतात काय, तर चुंबक! चिकटला तर नकली, नाही चिकटला तर अस्सल. ही समजूत ३०० सिरीज (३०४, ३१६ वगैरे) आणि ४३० (बिननिकेलचं, चुंबक चिकटणारं) एवढेच दोन पर्याय समोर असायचे तेव्हा बऱ्यापैकी चालायची, २०० सिरीज आल्यावर तिला अर्थच उरला नाही. उलट अस्सल ३०४ च्या सिंकमध्ये चुंबक फिरवून बघा, सपाट तळावर नुसता घसरतो आणि खोल ओढलेल्या कोपऱ्यात हलकासा धरतो, कारण तिथे ताणामुळे थोडा मार्टेन्साइट (चुंबकाला चिकटणारी कडक रचना) तयार झालेला असतो. भंगारातही तीच रड, चुंबक न चिकटणारा ढीग सगळा ३०४ धरून भट्टीत जातो आणि मँगनीज घुसतो. खात्री करायची तर पीएमआय गन (धातूत काय काय आहे ते जागेवर मोजणारं हातातलं यंत्र) लावा, काही सेकंदांत क्रोमियम, निकेल, मँगनीज दाखवते (एक्स-रेवाली असेल तर कार्बन कळत नाही, म्हणजे ३०४ आणि ३०४एल मधला फरक तिच्याकडून नाही मिळायचा).

निकेल टाळायचंच असेल तर ४०० सिरीजमध्ये, म्हणजे ४३० च्याच घरात, ४४४ आहे. साधारण १८ टक्के क्रोमियम, २ टक्के मॉलिब्डेनम, कार्बन अगदी कमी, वर टायटॅनियम किंवा नायोबियम, खड्डे पडायच्या गंजाला जवळपास ३१६ इतकं टिकतं आणि क्लोराइडमध्ये ताणाने तडकायची भीतीही फारशी नाही, गरम पाण्याच्या टाक्यांना वापरतात. जाड मापात ते चिवट राहत नाही, पण पातळ पत्र्याला उत्तम. आणि त्याला चुंबक कडक चिकटतो, त्यामुळे चुंबक लावून १५ टक्के क्रोमियमचा पत्रा पास करणारा माणूस ४४४ चा पत्रा मात्र परत पाठवतो.