लॅम्पशेडचे कापड बदलणे

लॅम्पशेडचे कापड बदलणे : टेबलावरच्या, जमिनीवर उभ्या किंवा छताला टांगलेल्या दिव्याच्या शेडचा सांगाडा तसाच ठेवून त्यावर घरच्या घरी नवे कापड चढवण्याचे हस्तकाम. ऊन, धूळ आणि बल्बची धग यांमुळे शेडचे कापड पिवळे पडते, विरते. तारेचा सांगाडा मात्र त्यापेक्षा कितीतरी जास्त टिकतो. आकाशकंदिलाच्या कामट्या माळ्यावर जपून दर दिवाळीला नवा पतंगी कागद चिकटवणाऱ्या घरांना यात नवे काही वाटू नये. पण आकाशकंदील लांबून आणि थोडेच दिवस पाहिला जातो. शेड वर्षभर डोळ्यांसमोर असते, त्यामुळे तिच्यात हात बराच साफ लागतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विजेचे दिवे घरात आले, तेव्हा उघड्या बल्बचा झगझगाट झाकण्यासाठी युरोप-अमेरिकेत तारेच्या सांगाड्यावर रेशीम ताणून शिवलेल्या, झालरी लावलेल्या शेड लोकप्रिय झाल्या. कडक पाठीवर, म्हणजे कापडाच्या आत बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या किंवा कागदी तक्त्यावर, कापड चिकटवलेली शेड हा त्यामानाने सोपा प्रकार. आज बाजारात मुख्यतः तोच मिळतो आणि घरी बदलायलाही तोच सोयीचा.

कापड निवडताना ते दुकानातल्या उजेडात पाहून भागत नाही. शेड दिवसा एक दिसते आणि दिवा लावल्यावर वेगळीच. पेटत्या बल्बसमोर कापड धरून पाहिले, की विणीतली विरळ जागा, गाठी, छपाईची उलटी बाजू, सगळे दिसते. गडद निळ्या किंवा काळ्या कापडातून प्रकाश जवळजवळ येतच नाही. तो फक्त वरच्या आणि खालच्या तोंडातून पडतो. लाल कापड खोलीभर लाली पसरवते, त्यामुळे वाचायच्या दिव्याला ते नको. पांढरे, मोतिया किंवा फिक्या रंगाचे सुती कापड, खादी, पातळ लिनन हे भरवशाचे पर्याय. जुन्या सुती साडीचीही शेड छान होते. मात्र घड्यांवर विरलेला भाग दिव्यापुढे लगेच उघडा पडतो. पदराचा जरीचा भाग मोहात पाडतो खरा, पण दिवा लागला की जरीकाम चमकण्याऐवजी काळपट दिसते, कारण उजेड मागून येतो. जरीचे काठ वरच्या-खालच्या कडांना लावणे अधिक शहाणपणाचे. खणाचा पन्हा अरुंद असल्याने तो लहान शेडला बेताचा पुरतो.

कापड किती लागेल हे आकारावर ठरते. सरळ नळकांड्यासारख्या शेडला आयत पुरतो : 30 सेंमी व्यासाचा परीघ सुमारे 94 सेंमी, त्यात जोडासाठी 2 सेंमी आणि वर-खाली दुमडायला दीड-दीड सेंमी. वर निमुळत्या शेडला आयत चालत नाही. तिचे कापड पंख्यासारख्या कमानीत कापावे लागते. खालची त्रिज्या 18 सेंमी, वरची 10 सेंमी आणि तिरकी उंची 24 सेंमी असेल, तर उंचीला खालच्या त्रिज्येने गुणून दोन त्रिज्यांच्या फरकाने, म्हणजे 8 ने, भागायचे. बाहेरच्या कमानीची त्रिज्या 54 सेंमी येते. त्यातून 24 वजा केले की आतली 30. कमानीचा कोन काढायला 18 ला 54 ने भागून 360 ने गुणायचे : 120 अंश. गणित नको असेल तर शेड वर्तमानपत्रावर आडवी ठेवून जोडापासून जोडापर्यंत एकदा गडगडवावी आणि दोन्ही कडांच्या वाटा पेन्सिलीने आखाव्यात. याच कमानीमुळे निमुळत्या शेडवर पट्टे आणि चौकटी तिरक्या होत जातात आणि जोडावर एकमेकींना भिडत नाहीत. इरकलीच्या बारीक चौकड्या नळकांडी शेडवर शोभतात; निमुळतीवर विखुरलेली लहान बुट्टीच बरी.

जुने कापड सोलल्यावर आतली पाठ शाबूत असेल तर पुसून तीच वापरावी. ती कडकडीत होऊन तडकली असेल, तर फक्त वर-खालच्या तारेच्या कड्या आणि होल्डरवर बसणारे कडे ठेवायचे. पाठीसाठी एका बाजूने चिकट असलेला पांढरा प्लॅस्टिकचा पातळ तक्ता किंवा जाड कार्डशीट घ्यायची. कापडाला आधी इस्त्री. पाठ चिकट नसेल तर तिच्यावर पांढरा गोंद ब्रशने अगदी पातळ पसरवावा, मग कापड मधून कडेकडे हाताने दाबत जावे. गोंद जास्त झाला की तो विणीतून वर येतो आणि वाळल्यावर त्याचा डाग उजेडात दिसतो. रेशमावर तर हमखास. कडा तारेवरून आत वळवून कपड्यांच्या चिमट्यांनी वाळेपर्यंत धरून ठेवतात. जोडाची दुहेरी घडी दिवा लावल्यावर काळ्या रेघेसारखी उठते. ती लपवता येत नाही, म्हणून तेवढी बाजू भिंतीकडे.

शिवलेली शेड हे धीराचे काम. तारांवरचा गंज घासून आधी रंग द्यावा लागतो, नाहीतर त्याचे डाग कापडावर उतरतात. मग प्रत्येक तारेला सुती पट्टी घट्ट गुंडाळायची, कारण टाका धरायला तेवढीच जागा असते. कापड तिरके घेतले तर ताणल्यावर वळणांवर सुरकुती पडत नाही.

साध्या तापतंतूच्या बल्बची बहुतेक वीज उष्णतेत जाते, आणि शेडजवळचा 60 वॉटचा बल्ब कापड करपवू शकतो. घरी केलेल्या शेडमध्ये, विशेषतः पाठ कागदी असेल तर, फक्त एलईडी बल्बच लावावा. त्याच उजेडासाठी 9 वॉट पुरतात. तरीही वरचे तोंड कापडाने बंद करू नये. एलईडीच्या बुडातली धग कोंडली की त्याचे आयुष्य घटते.

चिकटवलेली शेड धुता येत नाही. मऊ ब्रशने वरून खाली झाडायची. पक्क्या रंगाचे सुती कापड निव्वळ टाक्यांवर बसवले असेल, तर शेड कोमट साबणपाण्यात बुचकळून काढता येते. ती लगेच सुकवावी. ओलसर राहिली की तारेला पुन्हा गंज धरतो.