मूळ सापडलं नाही, म्हणजे रिपोर्ट खोटा?

मिरजेत दवाखान्याबाहेरच्या बाकावर हे हमखास कानावर येतं: "जांघेत कॅन्सर म्हणत्यात, पण मूळच सापडेना. रिपोर्ट चुकलाय."

तसं नसतं. मूळ म्हणजे कॅन्सर जिथं सुरू झाला ती जागा, आणि ती न सापडणं मेलानोमात घडतं. मेलानोमा हा कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. शंभरातल्या साधारण तिघांत कातडीवरचा मूळ तीळ किंवा डाग दिसतच नाही, कॅन्सर थेट दुसरीकडंच सापडतो, बहुतेकदा काखेतल्या किंवा जांघेतल्या गाठीत. आपल्याकडं अशी गाठ 'अवधाण आलंय, काटा लागला असंल' म्हणून सोडून देतात, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. पण पायाला जखम नाही आणि तीन आठवडे झाले तरी गाठ बसत नाही, तर तपासायलाच हवी.

मग मूळ गेलं कुठं? सगळ्यात पटणारं उत्तर असं, की शरीराच्या प्रतिकारशक्तीनं तो डाग खाऊन टाकला. पण त्याआधीच काही पेशी निसटल्या होत्या. कधी जागेवर फिकट चट्टा तेवढा उरतो. कधी चुना-सोडा लावून तो तीळ केव्हाच जाळलेला असतो (हा उद्योग अजून चालतो!).

निदानाला तीळ लागतच नाही. गाठीच्या तुकड्यावर एस-१००, एचएमबी-४५ अशा रंगचाचण्या करतात, त्यात पेशी ओळखू येतात. शोध मात्र नीट हवा: तळपाय, नखांखाली, टाळू, तोंड, गुदद्वार, डोळ्याचा पडदासुद्धा. भेगाळलेल्या टाचा धुऊन बघाव्या लागतात.

आणि मूळ सापडलं नाही म्हणून आशा संपली, हेही खोटं. त्याच टप्प्यावरच्या इतर रुग्णांइतकेच, कधी थोडे जास्तच, हे रुग्ण तगतात.