वाहत्या पाण्यात जाळे का झोपते? शिसे वाढवण्याआधी हे वाचा

उजनीतून भीमेत पाणी सुटले की आमच्या मासेमारीच्या जाळ्यांच्या दुकानात तीच तक्रार येते: "जाळे हलके दिले, उभेच राहत नाही, शिसे वाढवून द्या." वरच्या दोरीला तरंगणारे फ्लोट आणि खालच्या दोरीला शिशाचे वजन, यांच्या ताणावर जाळे पाण्यात भिंतीसारखे उभे राहते. धरणाच्या साठलेल्या पाण्यात तेच जाळे नीट उभे असते. जाळ्यात खोट नाही, पाण्याला ओढ आली आहे. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की जाळ्यावरचा जोर चौपट होतो.

50 मि.मी. आसाच्या (ताणून मोजलेल्या भोकाच्या), 0.20 मि.मी. तंगूसच्या (एकपदरी नायलॉन धाग्याच्या) कोऱ्या जाळ्यात धागा जेमतेम 2 टक्के जागा अडवतो. पाणी आरपार जाते. शेवाळ धरून तोच धागा 0.60 मि.मी. झाला की अडणारी जागा तिप्पट होते. पाणी वरून, खालून वाट काढते, जाळे फुगून कलते आणि मासा वरून निघून जातो.

यावर शिसे वाढवणे हीच मोठी चूक. 1 किलो शिसे पाण्यातही 900 ग्रॅमच्या वर भरते. तेवढी उचल देणारे फ्लोट सोबत लावले नाहीत तर वरची दोरीच खाली येते, आणि खालची दोरी तळाच्या काट्याकुट्यात अडकून तुटते ती वेगळीच. म्हणून नुसते शिसे आम्ही लावून देत नाही. कोणी नाराज झाले तरी.

आधी जाळे धुवा. मग प्रवाहाला आडवे न टाकता काठापासून खालच्या अंगाला तिरके टाका. वरच्या टोकाला भक्कम नांगर, खालच्या टोकाला हलका दगड. जोर वाढला तर जाळे फाटण्याऐवजी प्रवाहाबरोबर वळते. नदीच्या वळणाची आतली बाजू किंवा खडकाचा आडोसा निवडा. जलपर्णीचा लोंढा दिसला तर जाळे उचलाच. त्यापुढे कोणताही धागा टिकत नाही.

आम्ही 100 मीटर ताणलेले जाळे 50 मीटर दोरीवर चढवतो. मासे जास्त गुंतावेत म्हणून काही जण 40 मीटरवर मागतात. साठलेल्या पाण्यात चालेल; नदीत मात्र दर मीटरला सव्वापट धागा येतो आणि ओढही वाढते.

जाळे सावलीत वाळवा, सोलापूरच्या उन्हात नायलॉन लवकर कडक होऊन तुटू लागते.

खरेदीला येताना पाण्याची खोली, ठिकाण आणि तिथे पाणी सुटते का, एवढे सांगा. फ्लोट आणि शिसे त्या हिशेबाने बांधून देतो. दुसरीकडून घेतलेले जुने जाळेही आणा. धागा चांगला असेल तर नवे घ्यायला न लावता दोरी बदलून देऊ.