सांडपाण्यातून पोलिओचा माग

पल्स पोलिओच्या रविवारी पंचवटीतील बूथवर नातवाच्या डाव्या करंगळीला शाई लावून घेताना एखादी आजी हमखास विचारते, "डॉक्टर, पोलिओ गेला ना आपल्याकडून? मग अजून हे थेंब कशाला?" प्रश्न रास्त आहे. भारतातील वाइल्ड पोलिओचा, म्हणजे लसीतल्या नव्हे तर निसर्गातील मूळ विषाणूमुळे होणाऱ्या पोलिओचा, शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. मात्र रुग्ण दिसत नाही म्हणजे विषाणूही नाही, हा या प्रश्नामागचा समज चुकीचा आहे. तो तपासण्यातच माझ्या नोकरीची बरीच वर्षे गेली आहेत.

माझी शाखा रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राची. एमबीबीएसनंतर तीन वर्षांचे एमडी करूनही नातेवाइकांना "म्हणजे नक्की कशाचे डॉक्टर?" हे समजावून सांगावे लागते, कारण आमच्यासमोर खाटेवर कोणी झोपलेले नसते; आमचा रुग्ण म्हणजे अख्खे गाव. सुरुवातीच्या काळात पेठ तालुक्यातील पाड्यांवर माझे मुख्य काम होते ते अचानक लुळ्या पडलेल्या मुलांचा शोध घेण्याचे. पंधरा वर्षांखालील मुलाचा हात किंवा पाय एकाएकी लुळा पडला, की लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांच्या आत, किमान २४ तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यायचे आणि ते बर्फाच्या पेटीतून मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवायचे. अडचण यायची ती 'वारं गेलं' म्हणून मुलाला आधी भगताकडे नेण्याची. तेथील अंगारे-धुपाऱ्यांत आठ-दहा दिवस निघून जात आणि नमुना घेण्याची मुदत संपत येई. भगताच्या दारात गेलेल्या त्या दिवसांचा मला आजही राग येतो.

नमुना वेळेवर मिळाला, तरी या पद्धतीला एक मर्यादा आहेच. पोलिओचा संसर्ग झालेल्या साधारण २०० जणांपैकी एकालाच लुळेपणा येतो. उरलेल्यांना फार तर थोडा ताप येतो, किंवा काहीच होत नाही. पण त्यांच्या शौचातून विषाणू कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. म्हणजे एक लुळे मूल सापडेपर्यंत वस्तीत शेकडो जणांना संसर्ग होऊन गेलेला असू शकतो. या सर्वांचा एकत्रित नमुना एकाच ठिकाणी मिळतो, तो म्हणजे सांडपाण्यात. मुंबईत २००१ पासून सांडपाण्याची अशी तपासणी सुरू झाली.

सकाळी शहर उठते आणि गटारांचा प्रवाह सर्वांत मोठा असतो, तेव्हा बाटलीभर, साधारण एक लिटर मैलापाणी घेतात. त्यात पोलिओचे विषाणू असलेच तर फार विरळ असतात, आणि कॉक्सॅकी, एको असे त्याचेच भाऊबंद मात्र मुबलक. मानवी पेशी वाढवलेल्या बाटलीत हे पाणी घातले, तर सगळेच वाढतील आणि त्या गर्दीत पोलिओ दिसणारच नाही. यावर काढलेला तोडगा मला विषाणूशास्त्रातील सर्वांत देखण्या युक्त्यांपैकी एक वाटतो. विषाणू पेशीत शिरतो तो तिच्या पृष्ठभागावरील एका ठरावीक प्रथिनाला चिकटून. पोलिओसाठी ते प्रथिन आहे सीडी-१५५. उंदराच्या पेशींवर माणसाचे हे प्रथिन नसल्यामुळे पोलिओला तेथे प्रवेश नाही. संशोधकांनी उंदराच्या पेशींत या मानवी प्रथिनाचे जनुक घातले आणि एल-२०-बी नावाच्या पेशी तयार झाल्या. म्हणजे भिंत उंदराची आणि तिच्यात माणसाचे दार एकच, तेही पोलिओपुरते! सांडपाण्यातील बहुतेक भाऊबंद बाहेर राहतात आणि पोलिओ आत जाऊन वाढतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर बाटलीच्या तळाला पसरून चिकटलेल्या पेशी काही दिवसांत गोल होतात, आक्रसतात आणि सुटून तरंगू लागतात. एखादा दुसरा विषाणूही क्वचित या दारातून निसटतो, म्हणून पुढे पीसीआर या जनुकीय चाचणीने खात्री करावी लागते.

सापडलेला विषाणू थेंबांमधलाच असू शकतो, कारण तोंडावाटे दिलेल्या लसीत दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो आणि तो बाळाच्या शौचातून बाहेर पडतो. येथे विषाणूचे व्हीपी-१ नावाचे जनुक उपयोगी येते. त्यात जनुकीय लिपीची सुमारे ९०० अक्षरे असतात आणि विषाणू माणसामाणसांतून फिरत राहिला, तर त्यांपैकी वर्षाला साधारण एक टक्का, म्हणजे नऊ अक्षरे बदलतात. मूळ लसीच्या विषाणूपेक्षा १८ अक्षरे वेगळी निघाली, तर तो सुमारे दोन वर्षे कोणाच्याही लक्षात न येता फिरत होता, असे म्हणता येते. लस न घेतलेली मुले जेथे जास्त, तेथे त्याला अशी वाट मिळते. ज्या थेंबांतून तो आला, त्याच थेंबांनी भरपूर मुले संरक्षित केली की ही वाट बंद होते. लसीवर संशय घेणारे संदेश फोनवरून पुढे पाठवणाऱ्यांनी एवढे तरी समजून घ्यावे.

२०१३ मध्ये इस्रायलच्या दक्षिण भागातील सांडपाण्यात वाइल्ड पोलिओ सापडला, तेव्हा तेथे एकही मूल लुळे पडलेले नव्हते. तरीही त्या देशाने मुलांना थेंब देण्याची मोठी मोहीम काढली आणि शेवटपर्यंत लुळेपणाचा एकही रुग्ण झाला नाही. आजीच्या प्रश्नाला मी हेच उदाहरण देतो. अफगाणिस्तान आणि पाकिस्तानात हा विषाणू अजून फिरतो आहे, हेही सांगतो.

आता नाशिकमध्ये सिंहस्थाची तयारी सुरू आहे आणि माझ्या डोक्यात हीच बाटली आहे. पर्वणीला देशभरातून आलेले भाविक साधुग्रामातील तात्पुरती शौचालये वापरतील. त्यांतील मैला टँकरमधून उपसून नेला जाईल; तो मलनिस्सारण केंद्राच्या मुखाशी घेतलेल्या नमुन्यात येईलच असे नाही. तेव्हा पहाटे तपोवनच्या केंद्राजवळ एक बाटली भरायची असेल, तर दुसरी थेट टँकरमधून भरावी लागेल.