गावात स्मृतिभ्रंश किती? एका बदलत्या आकड्याची पार्श्वभूमी

२०१७ ते २०२० या काळात देशभरातल्या साठी ओलांडलेल्या ४,०९६ जणांची बुद्धी-स्मृती सविस्तर तपासली गेली. त्यावरून काढलेला अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया). शहरांत ५.३ टक्के आणि खेड्यांत ८.४ टक्के. खेड्यांसाठी वेगळी संशोधन केंद्रं कशाला, हा प्रश्न या शेवटच्या आकड्यापुढे उरत नाही. पण तो इतकी वर्षं विचारला का जात होता, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

फार मागे जाण्यात अर्थ नाही. गीतेत ‘स्मृतिभ्रंश’ आहे, पण तो क्रोधातून विवेक सुटण्याबद्दल. आजाराचं नाव म्हणून हा शब्द अलीकडचा. घराघरांत चालत आलं ते ‘साठी बुद्धी नाठी’ आणि ‘म्हातारचळ’. या दोन्हींत दिसतं ते वय, आजार नव्हे. ही गोष्ट पुढे महागात पडली.

खरी सुरुवात नव्वदच्या दशकात, हरियाणातल्या बल्लभगडला. दिल्लीतल्या एका मोठ्या सरकारी वैद्यकीय संस्थेचं ग्रामीण आरोग्याचं काम तिथे १९६५ पासून चालू होतं, त्यामुळे घरं आणि माणसं ओळखीची होती. ५५ वर्षांवरचे ५,१२६ लोक तपासले गेले. त्यांतले ७३ टक्के निरक्षर. जगभर वापरात असलेली १९७५ ची तीस गुणांची अमेरिकी चाचणी इथे कुचकामी होती, कारण ती वाचायला लावते, लिहायला लावते. मग १९९५ मध्ये तिचं हिंदी रूप नव्यानं घडवलं गेलं. कागदावरचं ‘डोळे मिटा’ वाचून डोळे मिटण्याऐवजी, समोरचा करेल तसं करायचं. वाक्य लिहिण्याऐवजी तोंडी सांगायचं. आकडेमोडीऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायचे. माझ्या मते आपल्याकडच्या या क्षेत्रातलं हे सर्वांत मोलाचं काम आहे. आजही देशव्यापी पाहणीत हीच चाचणी वापरली जाते.

पण त्या अभ्यासाचं लक्षात राहिलं ते उत्तर. १९९८ मध्ये जाहीर झालं की पासष्टीपुढच्यांत सर्व प्रकारचा स्मृतिभ्रंश मिळून फक्त १.३६ टक्के. २००१ मध्ये नव्या रुग्णांचा हिशोब आला. अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. त्याचे नवे रुग्ण इथे दर हजार व्यक्ती-वर्षांमागे (म्हणजे हजार माणसं वर्षभर पाहिली तर) ४.७, तर अमेरिकेतल्या पेनसिल्वेनियाच्या ग्रामीण खोऱ्यात १७.५. धोका वाढवणारं ‘एपीओई ई-४’ हे जनुकरूपही बल्लभगडला कमी आढळलं. कमी आयुर्मान आणि आजारानंतर कमी काळ जगणं, ही कारणंही संशोधकांनी मोकळेपणानं मांडली होती. वाचणाऱ्यांच्या डोक्यात मात्र एकच वाक्य बसलं : भारतातल्या खेड्यात हा आजार फारसा नाही.

सगळा वाद आजारी कुणाला म्हणायचं, इथे आहे. त्या वेळच्या प्रचलित अमेरिकी निकषानुसार नुसती स्मृती ढासळून भागत नाही, त्यामुळे माणसाचं रोजचं वागणं-करणं खालावलेलं दिसावं लागतं. ते सांगणार कोण? घरचे. आता ज्या घरात पंच्याहत्तरीच्या आजीला सूनबाई वाढून देते, पैशाचे व्यवहार मुलगा बघतो, बँकेत नातू जातो, तिथे आजीला काय जमेनासं झालं हे कळणार कसं? तिच्याकडून कुणाची अपेक्षाच नाही. ‘वय झालं आता’ म्हटलं की विषय संपला. बल्लभगडच्या चमूला ही अडचण ठाऊक होती. त्यांनी घरच्यांना विचारायची वेगळी प्रश्नावली केली, त्यात होळी-दिवाळी लक्षात राहते का, दिलेला निरोप पोचवता येतो का, असे प्रश्न होते. तरीही उत्तर देणाऱ्याची नजर बदलता येत नाही.

याच पेचातून विकसनशील देशांत काम करणाऱ्या एका संशोधक-गटानं वेगळा निकष बांधला. त्यात चाचणी, मुलाखत आणि घरच्यांचं म्हणणं यांचा एकत्र विचार होतो. २००८ मध्ये अनेक देशांतले निष्कर्ष आले. जुन्या निकषानं ग्रामीण भारतात, म्हणजे तमिळनाडूतल्या वेल्लोर भागात, फक्त ०.३ टक्के आणि क्यूबात ६.३ टक्के. नव्या निकषानं मात्र सगळीकडचे आकडे ५.६ ते ११.७ टक्क्यांच्या दरम्यान आले, त्यांत इतकी दरी राहिली नाही. त्याच गावांतली तीच माणसं, मोजपट्टी तेवढी बदलली. आक्षेप घेणारे म्हणतात की कमी शिकलेल्या धडधाकट म्हाताऱ्यांवरही यात शिक्का बसू शकतो. आक्षेप खरा आहे. पण ०.३ हा आकडा मानून स्वस्थ बसण्यापेक्षा हा धोका पत्करलेला बरा, असं मला ठामपणे वाटतं. आकडा शून्याच्या जवळ असला की त्या गावासाठी कुणी पैसा मागत नाही आणि कुणी देतही नाही.

त्यानंतर एकदा पाहणी करून परत जाण्याऐवजी गावाजवळ तळ ठोकून बसण्याचा विचार रुजला. कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यात, आंब्यांसाठी नावाजलेल्या श्रीनिवासपूर तालुक्यात, २०१८ पासून पंचेचाळिशीपुढच्या दहा हजार ग्रामस्थांना वर्षानुवर्षं तपासत राहण्याचं काम सुरू झालं. राज्य कन्नड, पण या तालुक्यातली बरीच घरं तेलुगू बोलणारी. म्हणजे कामाची पहिली अट भाषेचीच. शेतकऱ्याला तपासणीला बोलवायचं, सोबत घरचं माणूस आणायला लावायचं, एका दिवसाची मजुरी बुडते हे लक्षात ठेवायचं आणि पुढच्या फेरीला तोच माणूस परत यावा इतका विश्वास टिकवायचा.

भाषेबाबत आपली बाजू लंगडी आहे. केंद्रीय पातळीवर बहुभाषिक चाचणी-संच तयार झाला तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत. त्या पहिल्या पाचांत मराठी नव्हती. आणि मराठी संच हाती आला तरी मेळघाटातल्या कोरकू आजोबांना किंवा गडचिरोलीतल्या गोंडी बोलणाऱ्या आजीला तो परक्या भाषेतला पेपरच वाटेल. वार उलटे म्हणताना ही माणसं अडखळली, तर ते विसरण्यामुळे की मराठीमुळे, हे ठरवायला त्यांची भाषा जाणणारं कुणीतरी समोर बसलेलं लागेल.