ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह : अतिदाबाच्या टर्बो मोटारीसाठी निवड

टर्बोचार्जर म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून आत दाबाने हवा भरणारे यंत्र. तो बसवलेल्या पेट्रोल इंजिनात चालकाने रेस एकदम सोडली की कॉम्प्रेसर (टर्बोचा हवा दाबणारा भाग) आणि थ्रॉटलची पाकळी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी) यांच्यामध्ये दाबाची हवा कोंडते. तिला वाट करून देणारी झडप म्हणजे ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह. ‘झडप’ हा शब्द कोशापुरताच. गॅरेजात ‘व्हॉल’ म्हटले की काम भागते. येथे अतिदाब म्हणजे सुमारे एक बार किंवा त्याहून अधिक बूस्ट (टर्बोने चढवलेला हवेचा दाब), असे धरले आहे.

*नाव आणि उगम* : झडपेच्या उगमाविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार ती शर्यतीच्या मोटारींतून आली. दुसऱ्या मतानुसार कारखान्यांतील मोठ्या केंद्रोत्सारी कॉम्प्रेसरांवरून. प्रस्तुत नोंदीचा कल दुसऱ्या मताकडे आहे. तेथे प्रवाह घटून दाब उलटू लागला की बाजूची झडप उघडण्याची पद्धत जुनी आहे, आणि तिचे प्रकारही दोनच : हवेचा कॉम्प्रेसर असेल तर हवा सरळ बाहेर सोडायची, किमती वायूचा असेल तर तो फिरवून पुन्हा तोंडाशी आणायचा. मोटारींतील ‘बाहेर सोडणारी’ आणि ‘परत फिरवणारी’ ही विभागणी हुबेहूब तीच आहे.

मोटारीत ही झडप नेमकी केव्हा आली याचा काळ १९७० च्या दशकाच्या फार मागे नेता येत नाही. आल्फ्रेड ब्यूखी यांचे टर्बोचार्जरचे पेटंट १९०५ चे. पण जहाजांच्या ज्या डिझेल इंजिनांवर तो प्रथम रुजला त्यांना थ्रॉटलच नव्हता, तेव्हा हवा कोंडण्याचा प्रश्नच नव्हता. १९६२ मध्ये शेव्हर्ले कॉर्व्हेअर आणि ओल्ड्समोबिल जेटफायर या पहिल्या टर्बो प्रवासी मोटारी विक्रीस आल्या. कॉर्व्हेअरचा कार्ब्युरेटर, आणि त्यातली थ्रॉटलची पाकळी, कॉम्प्रेसरच्या आधी होती. पाकळी मिटली की कॉम्प्रेसरला हवाच मिळेनाशी होई. पुढे कोंडायला काही उरत नसे. झडपेची गरज निर्माण झाली ती पाकळी कॉम्प्रेसरच्या पुढे गेल्यावर, म्हणजे बहुधा इंधन-इंजेक्शनच्या टर्बो मोटारींबरोबर. बीएमडब्ल्यू २००२ टर्बो (१९७३), पोर्शे ९११ टर्बो आणि साब ९९ टर्बो या त्या दशकातल्याच.

‘पॉप-ऑफ व्हॉल्व्ह’शी होणारी गल्लतही येथेच दूर केलेली बरी. फॉर्म्युला वनमध्ये १९८७ साली बूस्ट ४ बारवर आणि १९८८ साली २.५ बारवर रोखण्यासाठी बसवलेली झडप ही मर्यादा घालणारी होती. ठरलेल्या दाबाला ती आपोआप उघडे, मग रेस दाबलेली असो वा सोडलेली. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बूस्ट मर्यादित करत नाही; ते काम वेस्टगेटचे, म्हणजे टर्बोकडे जाणारा धूर बाजूने वळवणाऱ्या झडपेचे. बूस्ट वाढवण्यासाठी किंवा आवरण्यासाठी ही झडप बदलणे म्हणजे विहिरीत पाणी नाही म्हणून नळाची तोटी बदलणे.

*कार्य* : झडपेत पिस्टन किंवा रबरी पडदा असतो. खालून कॉम्प्रेसरची हवा ढकलते. वर स्प्रिंग आणि इनटेक मॅनिफोल्डमधून (पाकळीच्या पुढे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळकांड्यातून) आलेल्या बारीक नळीतला दाब असतो. रेस पूर्ण दाबलेली असताना दोन्ही बाजूंचा दाब जवळपास सारखा असतो आणि स्प्रिंग झडप मिटून धरते. रेस सोडताच मॅनिफोल्डमध्ये निर्वात होतो, वरची बाजू खेचली जाते, खालची हवा ढकलते आणि झडप उघडते. झडप नसेल किंवा अडकली असेल तर हवा कॉम्प्रेसरच्या पात्यांतूनच मागे उसळते आणि फडफड असा तुटक आवाज येतो. हाच सर्ज.

सर्जने टर्बो खरोखर किती झिजतो, हा दुसरा वाद. पात्यांवर उलटसुलट बल येऊन थ्रस्ट बेअरिंग (टर्बोचा दांडा पुढेमागे सरकू न देणारे) लवकर जाते असे एक पक्ष मानतो. रेस सोडल्यानंतरचा सर्ज क्षणभराचा असतो आणि भार झपाट्याने उतरतो, तेव्हा कारखाने ही झडप आवाज कमी राखण्यासाठी व पुन्हा रेस देताच पिकअप मिळण्यासाठी बसवतात, असे दुसरा पक्ष म्हणतो. मध्यम बूस्टला दुसरे म्हणणे अधिक पटते. दाब जसजसा चढतो तसतशी पहिल्याची बाजू बळकट होत जाते.

*स्प्रिंगची निवड* : बूस्ट जास्त तर स्प्रिंग कडक, हा समज सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे. बूस्ट दोन्ही बाजूंनी येत असल्याने त्याचा हिशेब आपोआप मिटतो. स्प्रिंग ठरते ती आयडलच्या, म्हणजे रेस न देता इंजिन नुसते चालू असतानाच्या, निर्वातावरून. निरोगी मूळ इंजिनात तो साधारण १८ ते २० इंच पारा (निर्वाताचे माप) असतो. कॅमशाफ्ट बदललेल्या इंजिनात बराच कमी. त्या निर्वाताला झडप जेमतेम मिटलेली राहील एवढीच स्प्रिंग हवी. त्याहून कडक असेल तर थोडी रेस सोडल्यावर ती उघडत नाही आणि फडफड ऐकू येते. नरम असेल तर आयडलला उघडी राहते. अतिदाबात खरे पाहायचे ते झडपेच्या तोंडाचा व्यास, पडदा फाटण्याची शक्यता आणि क्लिपांची पकड. कारखान्यातून आलेल्या प्लॅस्टिकच्या झडपेचा पडदा वाढीव दाबात बारीक चिरतो. गाडी चालते, पण पूर्वीसारखी ओढत नाही. अशा वेळी धातूची पिस्टन झडप बसवतात. तिला मात्र वेळोवेळी साफ करून तेल द्यावे लागते.

बारीक नळी आखूड, मॅनिफोल्डवरून थेट आणि दुसऱ्या कशाशी न जोडलेली असावी. तिची चीर डोळ्यांना दिसत नाही. ती काढून एक टोक बोटाने दाबायचे, पंक्चरवाल्याच्या घमेल्यातल्या पाण्यात बुडवायची आणि दुसऱ्या टोकातून फुंकायचे; बुडबुडा कुठून येतो ते लगेच कळते.

*बाहेर की परत* : ज्या इंजिनात आत येणारी हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर आहे, तेथे मोजलेली हवा बाहेर सोडली की कॉम्प्युटर तिच्या हिशेबाने पेट्रोल टाकतोच. मिश्रणात क्षणभर पेट्रोल जास्त होते, सायलेन्सरमधून काळा धूर किंवा फटका येतो, प्रसंगी गाडी बंद पडते. अशा गाडीला परत फिरवणारी झडपच योग्य. दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरच्या गाडीला दोन्ही चालतात.

विदर्भात याला धुळीचे कारण जोडावे लागते. बाहेर सोडणारी झडप आयडलला किंचित उघडी राहिली तर तिथून एअर फिल्टर चुकवून हवा आत येऊ शकते, आणि कपाशीच्या हंगामात काळ्या मातीच्या पांदण रस्त्यावर किंवा जिनिंगच्या फाटकाशी रांगेत उभ्या असलेल्या गाडीभोवतीची हवा कशी असते हे सांगायला नको. इंटरकूलरच्या (दाबलेली हवा गार करणाऱ्या) जाळीवर कापसाचे तंतू बसलेले दिसतात; तेच कॉम्प्रेसरच्या पात्यांवर जावेत असे कोणाला वाटणार नाही. मे महिन्यात पारा ४५ ते ४७ अंशांवर जातो. १५ अंशांच्या मानाने ही हवा सुमारे दहा टक्के विरळ असते, आणि बॉनेटखालच्या रबरी नळ्या लवकर कडक होतात. उंचीचा परिणाम त्यामानाने लहान : परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना आयडलचा निर्वात दोन-अडीच इंचांनी घटतो, म्हणजे खाली बेतशीर वाटणारी स्प्रिंग वर थोडी कडक ठरते.

समृद्धी महामार्गावर १२० च्या मर्यादेत एकसारख्या वेगाने जाणाऱ्या गाडीत झडप बहुतेक वेळ मिटलेलीच राहते. तेथे ती गळत नाही ना, एवढेच पाहायचे. बैलगाडी, शेळ्या आणि गतिरोधक यांच्यामुळे रेस सतत सोडावी लागणाऱ्या गावरस्त्यावर तिची कसोटी लागते.

*डिझेल* : गावात टर्बो म्हटले की बोलेरो, काळी-पिवळी जीप किंवा ट्रॅक्टरच डोळ्यांपुढे येतो. डिझेल इंजिनाची ताकद इंधनाच्या मात्रेवर ठरते. हवा अडवून नव्हे. त्यामुळे त्याला या झडपेची गरज नसते. पेडलच्या स्विचवर चालणारी किट मिळतात. ती फुस्स असा आवाज करतात आणि इंजिनाला त्यांचा काही उपयोग नसतो. वाहनातील फेरबदलांवर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ची बंधने आहेत.