जॉर्जियाचा सहावा आणि सातवा मतदारसंघ: आधी नकाशाचं साल सांगा

‘जॉर्जियाचा सहावा मतदारसंघ २०१८ मध्ये डेमोक्रॅटांकडे गेला, २०२२ मध्ये रिपब्लिकनांकडे परतला आणि २०२४ मध्ये पुन्हा डेमोक्रॅटांकडे आला.’ जॉर्जिया या अमेरिकी राज्यातल्या प्रतिनिधिगृहाच्या (संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या) एका जागेबद्दलचं हे वाक्य अमेरिकी निवडणुकांवरच्या लिखाणात या ना त्या रूपात सतत भेटतं. त्यातली सालं बरोबर आहेत, पक्षही बरोबर आहेत, आणि तरी त्यातून निघणारा अर्थ साफ चुकीचा आहे. राज्याची राजधानी अटलांटाच्या उपनगरांतला मतदार दर निवडणुकीला कूस बदलतो, असा समज वाचणाऱ्याचा होतो. खरं तर या तीन बदलांपैकी मतदारांनी केलेला बदल एकच. उरलेले दोन नकाशा आखणाऱ्यांनी केले. शेजारच्या सातव्या मतदारसंघाबद्दलही हीच गल्लत होते, आणि दोघांची गोष्ट एकमेकांत इतकी गुंतली आहे की एकाचा आकडा दुसऱ्याला सर्रास चिकटवला जातो.

सहाव्याची ओळख बहुतेकांना असते, म्हणून थोडक्यात. इथले प्रतिनिधी बराच काळ रिपब्लिकन होते: आधी न्यूट गिंग्रिच, मग १९९९ पासून जॉनी आयझॅक्सन, २००५ पासून टॉम प्राइस. प्राइस ट्रम्प यांच्या मंत्रिमंडळात गेल्यावर २०१७ ची ती गाजलेली पोटनिवडणूक झाली. एप्रिलच्या पहिल्या फेरीत डेमोक्रॅट जॉन ऑसॉफ यांना ४८.१ टक्के मतं मिळाली. जॉर्जियात निम्म्याहून जास्त मतं लागतात, म्हणून जूनमध्ये दुसरी फेरी झाली आणि रिपब्लिकन कॅरन हँडल ५१.८ विरुद्ध ४८.२ अशा जिंकल्या. एप्रिलचा आकडा देऊन ‘ऑसॉफ जिंकले होते’ म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. नोव्हेंबर २०१८ मध्ये डेमोक्रॅट ल्युसी मॅकबाथ यांनी हँडल यांना ३,२६४ मतांनी हरवलं.

सातवा तेवढा प्रसिद्ध नाही. २००२ पर्यंत तो राज्याच्या वायव्येला होता आणि तिथून रिपब्लिकन बॉब बार निवडून येत. त्या वर्षीच्या नव्या नकाशानं तो अटलांटाच्या ईशान्येला ग्विनेट काउंटीकडे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) नेला. पक्षांतर्गत लढतीत बार यांना जॉन लिंडर यांनी हरवलं. लिंडर यांच्यानंतर २०११ मध्ये त्यांच्याच कार्यालयाचे प्रमुख राहिलेले, त्यांच्याच पक्षाचे रॉब वुडॉल आले. २०१८ मध्ये फेरमोजणीनंतर वुडॉल अवघ्या ४३३ मतांनी वाचले. २०२० मध्ये ते उभे राहिले नाहीत, आणि ज्या डेमोक्रॅट कॅरोलिन बोर्डो त्यांच्याकडून हरल्या होत्या त्यांनी रिपब्लिकन रिच मॅककॉर्मिक यांना हरवून जागा घेतली. मॅककॉर्मिक हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मुख्य मुद्दा. जागा एका पक्षाकडून दुसऱ्याकडे जाण्याचे दोन पूर्णपणे वेगळे प्रकार आहेत. पहिल्यात सीमा त्याच राहतात आणि आतली मतं बदलतात. दुसऱ्यात मतं तीच राहतात आणि सीमा बदलतात. बातमीच्या मथळ्यात दोन्ही सारखेच दिसतात.

आपल्याकडे लोकसभेचा मतदारसंघ गावाच्या नावानं ओळखला जातो. २००८ च्या पुनर्रचनेत कराड आणि इचलकरंजी गेले, हातकणंगले आला. बदल नावातच दिसला. अमेरिकेत फक्त आकडा असतो. मुलूख पार बदलला तरी पाटी तीच राहते, आणि पाटी तीच म्हणून जागाही तीच, असं आपण धरून चालतो.

पहिल्या प्रकाराचं स्वच्छ उदाहरण म्हणजे २०१२ ते २०२० या काळातला सहावा. कॉब काउंटीचा पूर्व भाग आणि फुल्टन व डीकाल्ब काउंट्यांचे उत्तर भाग मिळून तो बनला होता आणि या पाचही निवडणुका त्याच नकाशावर झाल्या. २०१२ मध्ये इथं अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन मिट रॉम्नी सुमारे २३ टक्क्यांनी पुढे होते. २०१६ मध्ये ट्रम्प यांची आघाडी जेमतेम दीड टक्का उरली. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर टॉम प्राइस मात्र साठ टक्क्यांहून जास्त मतं घेऊन निवडून आले. २०२० मध्ये डेमोक्रॅट बायडन सुमारे ११ टक्क्यांनी पुढे गेले. रेषा हललेली नाही, मतं हलली आहेत. मॅकबाथ यांचा २०१८ चा विजय या प्रकारात बसतो. सातव्यातला बोर्डो यांचा २०२० चा विजयही याच प्रकारातला.

दुसरा प्रकार २०२१ च्या अखेरीस सुरू होतो. २०२० च्या जनगणनेनंतर जॉर्जियाच्या वाट्याला पूर्वीइतक्याच १४ जागा आल्या, पण सीमा नव्यानं आखायच्या होत्या. हे काम तिथं स्वतंत्र आयोग करत नाही, राज्याचं विधिमंडळ करतं, आणि बहुमत रिपब्लिकनांचं होतं. त्यांनी सहाव्यातून डीकाल्ब काढलं, पूर्व कॉबचा काही भाग तोडला आणि उत्तरेकडच्या फोरसाइथ आणि डॉसन काउंट्या व चेरोकीचा काही भाग जोडला. सहावा पक्का रिपब्लिकन झाला. निघालेली डेमोक्रॅट मतं कुठेतरी जाणारच होती. सातवा ग्विनेट आणि उत्तर फुल्टनमधल्या जॉन्स क्रीक शहराकडे आक्रसला आणि पक्का डेमोक्रॅट झाला. गव्हर्नर ब्रायन केम्प यांनी ३० डिसेंबर २०२१ रोजी सही केली.

मग उमेदवार आपापल्या मतांच्या मागे गेले. मॅकबाथ सहावा सोडून सातव्यात उतरल्या आणि मे २०२२ मध्ये प्राथमिक (म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या) निवडणुकीत स्वपक्षाच्या बोर्डो यांना त्यांनी हरवलं. सातव्यात हरलेले मॅककॉर्मिक सहाव्यात उभे राहिले आणि जिंकले. दोघांनाही नोव्हेंबरमध्ये साठ टक्क्यांहून जास्त मतं मिळाली. म्हणजे ‘२०२२ मध्ये रिपब्लिकनांनी सहावा परत मिळवला’ या विधानात कुणीच कुणाला हरवलेलं नाही. सहाव्याच्या विद्यमान प्रतिनिधी त्या जागेवर उमेदवारच नव्हत्या आणि जुन्या मुलुखाचा मोठा भागही निघून गेला होता.

ऑक्टोबर २०२३ मध्ये फेडरल न्यायाधीश स्टीव्ह जोन्स यांनी हा नकाशा मतदान हक्क कायद्याच्या कलम २ चा (मतदानात वंशावरून भेदभावाला मनाई करणाऱ्या कलमाचा) भंग करतो असा निकाल दिला आणि अटलांटाच्या पश्चिमेला कृष्णवर्णीय बहुसंख्येचा आणखी एक मतदारसंघ करायला सांगितलं. विधिमंडळानं विशेष अधिवेशनात तसा मतदारसंघ केला आणि त्याला आकडा दिला ६. बदल्यात सातवा मोडला. ग्विनेट आसपासच्या अनेक मतदारसंघांत वाटलं गेलं आणि ७ हा आकडा फोरसाइथ, डॉसन, लम्पकिन आणि उत्तर फुल्टनच्या रिपब्लिकन पट्ट्याला मिळाला. जुन्या सातव्यात कोणताही एक गट बहुसंख्य नव्हता. कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि आशियाई मतदार मिळून तिथं बहुमत होत होतं. अशा संमिश्र मतदारसंघाला संरक्षण मिळावं ही हरकत टिकली नाही आणि डिसेंबरअखेर नकाशा मान्य झाला. राज्यातलं बळ रिपब्लिकन ९, डेमोक्रॅट ५ असंच राहिलं. २०२४ मध्ये मॅकबाथ पुन्हा ‘सहाव्या’तून आणि मॅककॉर्मिक ‘सातव्या’तून निवडून आले.

याचा अर्थ तिथल्या रहिवाशासाठी काय होतो ते पाहा. उत्तर फुल्टन आणि दक्षिण फोरसाइथ हे भारतीयांच्या दाट वस्तीचे भाग. मराठी कुटुंबंही इथं पुष्कळ आहेत. जॉन्स क्रीकमधल्या घराला २०२० मध्ये सहावा आकडा आणि मॅकबाथ होत्या. २०२२ मध्ये आकडा सातवा झाला, प्रतिनिधी मॅकबाथच राहिल्या. २०२४ मध्ये आकडा सातवाच राहिला आणि प्रतिनिधी बदलून मॅककॉर्मिक आले. थोडं उत्तरेला दक्षिण फोरसाइथमध्ये आकडे सात, सहा, सात असे फिरले. प्रतिनिधी आधी बोर्डो, मग दोन्ही वेळा मॅककॉर्मिक. आकड्यावरून इतिहास लिहिणारा या दोन्ही घरांबद्दल चुकेल.

म्हणूनच ‘गिंग्रिच यांचा जुना मतदारसंघ’ ही शब्दयोजना मला अजिबात पटत नाही. १९७८ मध्ये ते ज्या सहाव्यातून प्रथम निवडून आले तो अटलांटाच्या दक्षिणेचा आणि पश्चिमेचा होता. कॅरलटनच्या महाविद्यालयात ते शिकवत. १९९० मध्ये तिथं ते ९७४ मतांनी कसेबसे वाचले. पुढच्या नकाशात तेव्हाच्या डेमोक्रॅट विधिमंडळानं तो मोडला आणि ६ हा आकडा उत्तरेच्या उपनगरांना दिला. गिंग्रिच घर हलवून तिकडे गेले आणि १९९२ ची प्राथमिक निवडणूक ९८० मतांनी जिंकले. आजचा सहावा डग्लस काउंटी, कॉबचा दक्षिण भाग आणि फुल्टन-फेएटचे तुकडे मिळून झाला आहे. भूगोलानं तो त्यांच्या पहिल्या सहाव्याला जास्त जवळचा आहे, ऑसॉफ लढले त्या सहाव्याला नाही.

मतं बदलली तिथंही दोघांची कारणं एक नव्हती. सहाव्यात मुख्यतः पूर्वीपासून राहणारे, उच्चशिक्षित, सुस्थितीतले मतदार रिपब्लिकन पक्षापासून दूर गेले. सातव्यात वस्तीच नवी आली. ग्विनेटची लोकसंख्या १९९० मध्ये ३,५२,९१० होती आणि बहुतांश श्वेतवर्णीय होती. २०२० मध्ये ती ९,५७,०६२ झाली आणि कोणताच गट बहुसंख्य राहिला नाही. दोन्हींना ‘उपनगरी लाट’ या एकाच नावाखाली ढकलणं हा आळस आहे.

एक रेषा हलवली की शेजारचीही का हलते? मतदारसंघांची लोकसंख्या समान ठेवावी लागते म्हणून. हे बंधन १९६४ च्या ज्या निकालानं आलं तो खटलाही जॉर्जियाचाच, वेसबेरी विरुद्ध सँडर्स. तेव्हा अटलांटाच्या पाचव्या मतदारसंघात ८,२३,६८० लोक होते आणि नवव्यात २,७२,१५४. प्रतिनिधी दोघांनाही एकच. २०२० च्या जनगणनेनुसार आता प्रत्येकी सुमारे ७,६५,१३६ माणसं हवीत. फोरसाइथ घ्यायचं तर तेवढीच माणसं दुसरीकडून सोडावी लागतात. सहावा आणि सातवा शेजारी, त्यामुळे एकाच्या बदलाचा धक्का दुसऱ्याला बसतोच.

दोन निकालांची तुलना करण्याआधी दोन्ही निवडणुका कोणत्या नकाशावर झाल्या ते पाहा. २०१२ ते २०२० एक, २०२२ दुसरा, २०२४ तिसरा. नकाशे वेगळे असतील तर पक्षाच्या टक्केवारीची थेट वजाबाकी करू नका. जुन्या अध्यक्षीय निवडणुकीची मतदान केंद्रनिहाय मतं नव्या सीमांत मोजून मिळालेला आकडा शोधा आणि तो आधाराला धरा. निवडणुकीचं साल आणि कार्यकाळही वेगळे ठेवा: २०२२ मध्ये नवा नकाशा मतदानाला वापरला गेला, पण त्यानुसार प्रतिनिधित्व ३ जानेवारी २०२३ ला सुरू झालं. २०२२ चं संपूर्ण वर्ष मॅकबाथ जुन्या सहाव्याच्याच प्रतिनिधी होत्या, प्रचार मात्र सातव्यात करत होत्या. आणि उमेदवार मतदारसंघात राहत नाही ही बातमी म्हणून सांगू नका. राज्यघटनेला तो फक्त त्या राज्याचा रहिवासी असावा लागतो.